जुनी जिप्सी, मोजके पैसे : ठाणे-नवी मुंबईतल्या नवख्यांसाठी ऑफरोडिंगची तयारी

माझी मारुती जिप्सी २००३ची, एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनने पेट्रोल घेणारी), कापडी टपाची. घेतल्यावर पहिल्याच महिन्यात मी पुढचा लोखंडी बंपर, टपावरच्या लाइटची पट्टी आणि गाडी उंच करणारे लांब शॅकल (स्प्रिंगचे पाटे चॅसीला जोडणाऱ्या कड्या) यांवर पंचवीस हजार घातले. जुलैत मुरबाडच्या पुढे एका ओल्या चढावर गाडी थांबली. लिव्हर फोर बाय फोरमध्ये, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या जागी होता, मागची दोन चाकं लाल चिखल उडवत होती आणि पुढची दोन हलत नव्हती. पुढच्या हबचं, म्हणजे चाक अ‍ॅक्सलला जोडणाऱ्या भागाचं, लॉकिंगच मेलं होतं. म्हणजे सहा आठवडे मी टू व्हील ड्राइव्ह गाडी चालवत होतो आणि मला पत्ता नव्हता. शेवटी गावातल्या एका दादांनी ट्रॅक्टरने ओढून काढली.

त्यानंतरच्या दोन वर्षांत जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितोय. माझं ठाम मत असं, की जुन्या जिप्सीत करण्यासारखं सगळ्यात मोठं मॉडिफिकेशन म्हणजे तिला कंपनीतून निघाली तशी पुन्हा उभी करणं. निम्म्याहून जास्त पैसे तिथेच जाऊ द्या.

खरेदीची किंमत सोडून माझा खर्च दीड लाखाच्या आसपास झाला. मूळ दुरुस्तीला ६५ हजार, पाच टायरना ३६ हजार, ओढण्याचं सामान आणि हवेचा पंप मिळून १८ हजार, बारीकसारीक ६ हजार. उरलेले ते सुरुवातीचे २५ हजार. ते सामान मी नंतर काढून टाकलं, तेव्हा तुमचं बजेट सव्वा लाख धरा.

१. आधी कोणती जिप्सी ते ठरवा

मारुतीने जिप्सी १९८५च्या डिसेंबरमध्ये आणली. सुरुवातीचं इंजिन ९७० सीसीचं, चार गिअरचं. १९९६मध्ये १.३ लिटरची जिप्सी किंग आली, पाच गिअरची. २०००पासून तिला एमपीएफआय मिळालं आणि ताकद ६०वरून ८० अश्वशक्तीवर गेली. साधारण टनभर वजनाच्या गाडीला हे पुरेसं आहे.

रोजच्या वापरासह चालवायची असेल तर एमपीएफआय घ्या. कार्ब्युरेटरवाली स्वस्त पडते आणि रस्त्याकडेलाही दुरुस्त होते, पण कार्ब्युरेटर नीट लावणारा हात आता शोधावा लागतो. एक गोष्ट दोन्हींना लागू : पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि जुन्या रबरी नळ्या त्याने मऊ पडतात, तडकतात. टाकीपासून इंजिनपर्यंतच्या सगळ्या नळ्या आल्या आल्या बदला. गरम इंजिनवर पेट्रोल ठिबकणं हा खेळ नाही.

डिझेल इंजिन बसवलेली जिप्सी कितीही देखणी असो, घेऊ नका. कागदावर पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल अशी गाडी तुम्हाला पुढे ना नावावर करता येते, ना विकता येते. सीएनजी किट असेल तर ते आरसीवर चढलंय का पाहा. सिलिंडर काढून टाकणार असाल तर तीही नोंद आरटीओत करून घ्यावी लागते.

२. कागद : गाडी पाहायला जाण्याआधी

ठाण्याची गाडी एमएच ०४, कल्याणची ०५, नवी मुंबईची ४३, पनवेलची ४६. यांपैकी एखादी मिळाली तर हेलपाटे वाचतात. बाहेरच्या राज्यातली गाडी स्वस्त दिसते, विशेषतः दिल्लीकडची. तिथे १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले तेव्हापासून तिकडच्या जिप्सी इकडे येऊ लागल्या. त्यात इथला रोड टॅक्स नव्याने भरावा लागतो आणि नोंदणीची मुदत उलटून गेली असेल तर गाडी इथे चढवणं फार अवघड होतं. सैन्याच्या लिलावातल्या गाडीचंही तसंच. लिलावाची मूळ कागदपत्रं आणि नागरी नोंदणी हातात असल्याशिवाय इसार देऊ नका.

लागणारे कागद :

– मूळ आरसी. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. ते कधीपर्यंत झालंय ते पाहा.
– फॉर्म २९ आणि ३०, विकणाऱ्याच्या सहीसह. सही आरसीवरच्या मालकाचीच हवी, ‘मधल्या’ माणसाची चालत नाही.
– दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर फॉर्म २८, म्हणजे एनओसी.
– आरसीवर बँकेचा बोजा दिसत असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. कर्ज पंधरा वर्षांपूर्वी फिटलेलं असतं, पण बोजा उतरवायचा राहिलेला असतो.
– चालू विमा, पीयूसी, पर्यावरण कर भरल्याची पावती.
– विकणाऱ्याचं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा, तुमचेही तेच.
– नवी सुरक्षा नंबरप्लेट बसलेली नसेल तर तो खर्च आणि फेरी तुमच्या माथी.

परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून थकलेली चलनं बघा. चॅसी नंबर आणि इंजिन नंबर स्वतःच्या डोळ्यांनी आरसीशी ताडून बघा. चॅसी नंबरवर गंज असेल तर तारेच्या ब्रशने घासून वाचा. विकणारा ‘राहू द्या, बरोबर आहे’ म्हणाला तरी वाचा.

३. गाडीखाली झोपा

अंगावर जुने कपडे, हातात टॉर्च आणि छोटी हातोडी. खाडीची हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यामुळे आपल्याकडची जिप्सी इंजिनाने मरण्याआधी गंजाने मरते. चॅसीवर हातोडी हलकेच वाजवत जा. चांगलं लोखंड खणखणतं, गंजलेलं बद्द वाजतं. मागच्या पाट्यांचे शॅकल जिथे चॅसीला लागतात तो भाग, बॉडी जिथे चॅसीवर टेकते त्या जागा आणि मागच्या चाकांवरची कमान जरूर पाहा. पायाखालचं मॅट उचलायला सांगा. विंडशील्डच्या फ्रेमचे खालचे कोपरेही सडतात. पत्र्याचं काम टिंकर करून देतो, ते स्वीकारा. चॅसीला आरपार भोक असेल किंवा ताजा काळा रंग मारून वेल्डिंग झाकलेलं असेल तर चहा पिऊन परत या.

मग पुढचा अ‍ॅक्सल. जिप्सीचा जीव इथे असतो आणि खर्चही इथेच निघतो. पुढचं एक चाक जॅकवर घ्या, वरून आणि खालून धरून आत-बाहेर हलवा. खेळ लागला तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर चाकाचं बेअरिंग ढिलं आहे, तसाच राहिला तर किंगपिनचं (चाक ज्यावर वळतं त्या खिळीचं) बेअरिंग गेलंय. पन्नास-साठच्या वेगात खड्डा लागल्यावर स्टिअरिंग हातातून सुटेल असं थरथरतं, त्यात किंगपिन आणि टायरॉड एंडचा (स्टिअरिंगच्या दांड्यांच्या टोकांचा) वाटा मोठा असतो.

चाकाच्या आतल्या बाजूला जो गोल चेंडूसारखा नकल दिसतो त्यावर बोट फिरवा. घट्ट ग्रीस असेल तर ठीक. पातळ काळं तेल ओघळत असेल तर आतला ऑइल सील फाटलाय आणि डिफरन्शियलचं (अ‍ॅक्सलची दोन चाकं वेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरसंचाचं) तेल ग्रीसमध्ये मिसळतंय.

आता मी जे केलं नाही ते. हाताने फिरवायचे हब असतील तर दोन्ही लॉक करा, मागच्या चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढा, लिव्हर ४एचमध्ये (फोर बाय फोर, नेहमीचा वेग) टाका, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून इंजिन बंद करा. पुढचं एक चाक जॅकवर उचलून फिरवून बघा. थोडा खेळ सोडला तर ते फिरता कामा नये. सहज गरगरलं तर हब किंवा ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला ताकद वाटणारी पेटी) काम करत नाही. काही गाड्यांत हवेच्या नळीवर चालणारे हब असतात, त्यांना इंजिन चालू लागतं, म्हणून ती तपासणी मेकॅनिककडूनच करून घ्या. त्या नळ्या जुन्या झाल्या की दगा देतात. मी तिथे हाताचे हब बसवून घेतले आणि माझी काळजी मिटली.

४. मूळ पदावर आणा

वागळे इस्टेट, तुर्भे, रबाळे, तळोजा या औद्योगिक पट्ट्यांत जुन्या गाड्यांवर हात बसलेले मेकॅनिक अजून आहेत. मोठ्या चकचकीत वर्कशॉपमध्ये जिप्सीला बहुतेक वेळा ‘पार्ट येत नाही’ एवढंच उत्तर मिळतं. पार्टसाठी ऑपेरा हाउसचा बाजार बघा. वापरलेल्या सामानासाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड आहे, पण बेअरिंग, सील आणि ब्रेकचा कुठलाही पार्ट वापरलेला घेऊ नका. हाउसिंग, हबची टोपी, काचा, दरवाजे असलं सामान जुनं चालतं.

कामाचा क्रम असा ठेवा : ब्रेक, स्टिअरिंग, पुढचा अ‍ॅक्सल, कूलिंग, मग पाटे. इंजिन शेवटी, कारण निळा धूर येत नसेल आणि प्रेशर कमी नसेल तर ते अजून बरंच चालतं.

तेल चार ठिकाणचं बदलायचं असतं : गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचा डिफरन्शियल, मागचा डिफरन्शियल. जिप्सीत ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळी असते, मध्ये छोटा शाफ्ट असतो. नवखा मेकॅनिक तिला हमखास विसरतो. समोर उभं राहून चारही प्लग उघडायला लावा. निघालेलं तेल दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय.

रेडिएटर सोडवून साफ करून घ्या. आपल्याकडे एक जुनी खोड आहे, ‘गाडी गरम होते ना, थर्मोस्टॅट काढून टाकू’. काढू देऊ नका. इंजिन थंडच राहतं, पेट्रोल जास्त पितं आणि मूळ दुखणं, बहुधा बुजलेला रेडिएटर, तसंच राहतं.

पाट्यांबद्दल थोडं सविस्तर. वीस वर्षांत पाटे बसलेले असतात आणि लोक तीच गाडी ‘बुटकी’ समजून उंच करायला निघतात. मी पाटे सोडवून कमानवाल्या चाचांकडे नेले. त्यांनी एकेक पाटा साफ करून त्याला पुन्हा बाक दिला, तडकलेला एक बदलला, मध्ये ग्रेफाइट ग्रीस लावलं. मी म्हणालो, “चाचा, एक पाटा जास्तीचा टाकूया का?” ते म्हणाले, “माल वाहायचाय का? नाही ना? मग गाडीला वाकू दे, तेव्हाच चाक जमीन धरेल.” हे वाक्य माझ्या सगळ्या खर्चाचं सार आहे. जास्तीच्या पाट्याने गाडी कडक होते, खडकावर चाक हवेत राहतं, आणि उघड्या (लॉक न होणाऱ्या) डिफरन्शियलला हवेतलं चाक म्हणजे सगळी ताकद वाया. नवे बुश, नवे शॅकल पिन आणि नवे यू-बोल्ट टाका. जुने यू-बोल्ट पुन्हा वापरू नका. शॉकअप सगळ्यात शेवटी, ते पाट्यांच्या नव्या उंचीवर मोजून घ्यायचे.

एवढं झाल्यावर माझी गाडी एका इंचाहून थोडी जास्त वर आली. ती मूळ उंचीच होती, परत मिळालेली.

५. टायर : हिशेब करून

किंगचा कंपनीचा टायर २०५/७० आर १५ (रुंदी मिलिमीटरमध्ये, बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत), व्यास साधारण ६६८ मिलिमीटर. २१५/७५ आर १५ घेतला तर व्यास ७०३ होतो. जमिनीपासूनची उंची वाढते त्याच्या निम्मी, म्हणजे जेमतेम १८ मिलिमीटर. २३५/७५ घेतला तर व्यास ७३३ आणि उंची ३३ मिलिमीटरने वर.

उंचीबरोबर काय जातं तेही बघा. २१५/७५वर स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा तुम्ही ६३वर असता, २३५/७५वर जवळजवळ ६६वर. तेवढ्याच टक्क्यांनी प्रत्येक गिअर लांब होतो, चढावर इंजिन दम टाकतं, ब्रेकवर भार येतो. शिवाय मोठा टायर पूर्ण वळवल्यावर पाट्याला किंवा पत्र्याला घासतो. मी २१५/७५ ऑल टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचे घेतले. घोडबंदर रोडवर रोज तासभर घालवणाऱ्याला मड टेरेनचा (चिखलाच्या टायरचा) आवाज आणि ओल्या डांबरावरची त्यांची कमी पकड परवडत नाही. पाचवा टायर त्याच मापाचा हवा, वेगळ्या मापाचं स्टेपनी फोर बाय फोरमध्ये लावलं तर ट्रान्सफर केसवर ताण येतो.

आणि टायरपेक्षा मोठा बदल फुकट मिळतो : हवा कमी करा. चिखलात, दगडांत मी १८ पीएसआयवर येतो. टायर पसरतो, दगडाला कवेत घेतो. १५च्या खाली गेलात तर तिरक्या उतारावर टायर रिमवरून निघू शकतो. डांबरावर येताच पुन्हा भरायची, म्हणून बॅटरीच्या टोकांना थेट लागणारा बारा व्होल्टचा पंप घ्या. सिगारेट सॉकेटवर चालणारा माझा पहिला पंप दुसऱ्याच टायरला फ्यूज घेऊन गेला.

६. उंच करण्याचा मोह

लांब शॅकल हा सगळ्यात स्वस्त लिफ्ट. दोन इंच लांब शॅकल लावला की गाडी एक इंच उचलते. पण पुढच्या अ‍ॅक्सलचा कॅस्टर कोन (स्टिअरिंग सरळ राखणारा कल) बदलतो आणि गाडी सरळ रस्त्यावर भटकते. पूर्व द्रुतगती मार्गावर ऐंशीच्या वेगात मला हे कळलं आणि दुसऱ्या दिवशी ते काढले. अ‍ॅक्सलच्या खालचे पाटे वर घेण्याचा प्रकार तर बजेटात बसतच नाही, कारण स्टिअरिंगचे रॉड, प्रोपेलर शाफ्टचे कोन, ब्रेकच्या नळ्या असं सगळंच बदलावं लागतं. कुणी फक्त पाटे वर घेऊन गाडी देतो म्हणाला तर त्याच्या हाती किल्ली देऊ नका.

७. पाण्याची तयारी

गरम झालेला अ‍ॅक्सल थंड पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि सीलमधून, ब्रीदरमधून (हवा आत-बाहेर होण्याच्या भोकातून) पाणी ओढून घेते. म्हणून अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसच्या ब्रीदरना रबरी नळी जोडून ती बॉनेटखाली उंचावर नेऊन बांधा. माझे हजार रुपयेसुद्धा गेले नाहीत. मला विचाराल तर या गाडीतला हा सगळ्यात किफायतशीर बदल.

स्नॉर्कल (इंजिनला उंचावरून हवा देणारी नळी) लावला म्हणून ओढा पार होत नाही. डिस्ट्रिब्युटर, वायरिंग, अल्टरनेटर खालीच असतात. हबच्या वर पाणी असेल तर मी उतरून काठीने तळ चाचपतो. वाहत्या गढूळ पाण्यात गाडी घालायचीच नाही. पावसाळ्यातला ओढा वर कुठेतरी कोसळलेल्या सरीने दहा मिनिटांत फुगतो.

८. ओढण्याचं सामान

चॅसीला पक्के लागलेले पुढचे आणि मागचे हूक आधी तपासा. मग लोखंडी हूक नसलेला रुंद पट्टा, १९ मिलिमीटरचे दोन बो-शॅकल (पट्टा अडकवायच्या लोखंडी कड्या) ज्यांवर ४.७५ टन कोरलेलं असतं, जाड हातमोजे, फावडं, जॅकखाली ठेवायला लाकडी फळी, जुनी चादर. टो-बॉलला (ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) पट्टा कधीही अडकवू नका, तो बॉल तुटून बंदुकीच्या गोळीसारखा येतो. ओढताना पट्ट्यावर चादर टाका आणि बघ्यांना पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट दूर उभं करा. पोरं जवळ येतात, त्यांना आवर्जून मागे पाठवा. विंच (तारेने गाडी ओढणारं यंत्र) या बजेटात विसरा. त्याऐवजी दुसरी गाडी सोबत हवीच.

फोर बाय फोर कोरड्या डांबरावर लावायचं नाही. जिप्सीत मधला डिफरन्शियल नाही, वळणावर पुढची-मागची चाकं वेगळ्या वेगाने फिरू पाहतात आणि सगळा ताण शाफ्ट आणि ट्रान्सफर केसवर येतो. ४एलमध्ये (फोर बाय फोर, कमी वेग आणि जास्त जोर) गाडी पूर्ण थांबवूनच टाका.

९. कायद्याची बाजू

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९चा निकाल मिळून अर्थ असा, की निर्मात्याने ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाहीत. बेकायदा बदलाला प्रत्येकी पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. पुढच्या लोखंडी बुलबारला केंद्राने डिसेंबर २०१७मध्येच मनाई केली. माझा बंपर काढण्याचं हेही एक कारण. टायरचं माप वाढवण्याआधी आरटीओत विचारा, शक्यतो लेखी, आणि विमा कंपनीला कळवा. न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी अंगाशी येतो. दुरुस्ती, ब्रीदर, पंप, पट्टा यांत मूळ रचना बदलत नाही. कमी पैशांतल्या तयारीचा हा मोठा फायदा.

१०. कुठे चालवायची

येऊर नको. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे. खाडीकाठचा चिखल नको, तिथे कांदळवन आहे आणि ते संरक्षित आहे. समुद्रकिनारेही नकोत, भरतीत अडकलेली गाडी खारं पाणी खाते आणि मग चॅसी वाचत नाही. खारघरच्या टेकड्यांवर पावसाळ्यात बंदी लागते.

पैसे भरून चालवू देणारे खासगी ट्रॅक हा नवख्यासाठी उत्तम मार्ग, कारण तिथे ओढायला माणूस असतो. मुरबाड-शहापूरकडे ओळखीच्या शेतकऱ्याचा पड माळ असेल तर आधी जाऊन विचारा. भाताच्या खाचरात आणि बांधावर चाक घालू नका. बांध फुटला की त्या घरचं वर्षाचं पाणी जातं. आम्ही दिवाळीनंतर, कापणी उरकल्यावर जातो, जाताना डिझेलचे पैसे आणि मिठाई नेतो. ज्या दादांनी मला पहिल्यांदा ओढून काढलं, त्यांचाच तो माळ आहे.

परत आल्यावर त्याच संध्याकाळी गाडी खालून धुवा. चिखल पाट्यांत आणि चॅसीच्या पोकळीत वाळला की ओल धरून ठेवतो. सोसायटीत धुऊ देत नसतील तर घरी पोचण्याआधी सर्व्हिस स्टेशनला थांबा. दुसऱ्या दिवशी चारही ठिकाणच्या तेलात बोट बुडवून रंग बघा. आणि पाट्यांचं काम केल्यावरची ही पहिलीच फेरी असेल, तर सगळे यू-बोल्ट पाना लावून पुन्हा एकदा आवळा. माझे आठपैकी तीन ढिले निघाले होते.